उशीला सांगितलेली वेळ

आधी मला एवढंच सांग संपदा, अमोलने आज दिवसभरात पाणी किती प्यायलं?

आठवत नाही? बरं. आठवून ठेव, पुढे लागेल. नाही, लाइटची काळजी करू नकोस, येईल तेव्हा येईल. हा इमर्जन्सी लॅम्प पुरे आहे. खरं म्हणजे लाइट गेली तेच बरं झालं, उजेडात तुझ्या तोंडाकडे बघत मला हे सांगता आलं नसतं. आतल्या खोलीचं दार तेवढं उघडं राहू दे. अमोलचा पलंग मला इथून दिसला पाहिजे.

सकाळी तुझा फोन आला. "हेमांगीताई, चार रात्री झाल्या, अमोल बिल्कुल कोरडा! मी उठतसुद्धा नाही आता!" किती खुशीत होतीस. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. ऑफिसात डोकं दुखतंय म्हणून कळवलं, संध्याकाळी लेकीला, इशिताला, इंद्रजितच्या हवाली केलं आणि गुरुग्रामहून मेट्रो पकडून तडक तुझ्या दारात आले. तू विचारलंस, आज इकडे कशी काय? म्हटलं, असंच. शेवटची मेट्रो गेली तरी मी आपली 'असंच'च म्हणतेय. तुला वाटलं असेल, नवऱ्याशी भांडून आलीय. आता एक वाजून गेला. तुझा नवरा अंकुर टूरवर, घरात आपण तिघंच. आता सांगते. मध्ये बोलू नकोस हं, नाहीतर माझा धीर सुटेल.

आपली ओळख झाली ते आठवतं? मार्च महिना, इथलाच करोल बागचा बाजार. मी दुकानदाराला मेणकापड मागतेय आणि तो माझ्या तोंडाकडे बघत उभा. एवढी वर्षं दिल्लीत काढली, पण ऐन वेळी हिंदी शब्द आठवेल तर शपथ. मागून तू म्हणालीस, "भैया, मोमजामा दिखाइए." मग माझ्याकडे वळून हळूच, "तुमच्याकडे पण?" दोघींनी एकेक मेणकापड पिशवीत कोंबलं, चोरीचा माल असल्यासारखं, आणि बाहेर येऊन छोले भटुरे खाल्ले. तू म्हणालीस, अमोल साडेचार वर्षांचा, आठवड्यातून दोनतीनदा अंथरूण ओलं करतो. मी म्हटलं, माझी सहा वर्षांची, रोज. तुझा चेहरा जरा उजळला होता. मला राग नाही आला. दुसऱ्या घरी आपल्यापेक्षा वाईट चाललंय हे कळलं की कुणालाही बरंच वाटतं.

डॉक्टर म्हणाले होते, रागावू नका, दिवसा भरपूर पाणी प्यायला द्या, झोपण्यापूर्वी बाथरूमला न्या, वाढत्या वयात आपोआप थांबेल. आपोआप! त्यांना काय जातंय बोलायला? गादी त्यांना धुवायची नव्हती. आमच्या सोसायटीत बाल्कनीच्या कठड्यावर काही वाळत घालायची बंदी. एकदा गादी टाकली तर पाच मिनिटांत गार्डचा इंटरकॉम, "मॅडम, गद्दा हटा लीजिए, कंप्लेंट आई है." चौदाव्या मजल्यावरची आमची अब्रू सगळ्या टॉवरने खालून बघितली. घरभर तो वास, आणि त्यावर मारलेल्या फिनाइलचा वास. इशिता शाळेत निघताना स्वतःचा फ्रॉक हुंगून बघायची. सहा वर्षांची पोर गं.

मग मी रात्री अडीचला तिला उठवून न्यायला लागले. म्हणजे, न्यायचं ठरवलं. अलार्म लावायचे आणि झोपेतच बंद करायचे. इंद्रजितला सांगून उपयोग नाही. तो एकदा झोपला की कानाशी ढोल वाजवा, कूससुद्धा बदलत नाही. दिवसभर ऑफिस, येण्याजाण्यात दोन तास, घरी आल्यावर स्वयंपाक, आणि सकाळी पाचला चादरी. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

आणि एका रात्री मी तिला मारलं.

एप्रिल होता. माझ्याच अंथरुणात घेतली होती तिला, सगळं भिजलं, माझे केस, माझी उशी, सगळं. मी उठले आणि एक सणसणीत दिली. ओल्या मांडीवर पाची बोटं उठली. ती रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "सॉरी आई, उद्या नाही करणार." तिच्या हातात असतं तर केलं असतं का तिने? तिला कोरडं करून झोपवलं आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आपल्याच हाताची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

उशी भिजली म्हणून दुसरी शोधायला पलंगाची पेटी उघडली. आमचा फ्लॅट सामानासकट भाड्याने घेतलेला, मालक कॅनडात. पेटीत त्यांच्या जुन्या रजया, आणि तळाशी एक कापसाची उशी. निळ्या फुलांचा अभ्रा, वजनाला दगडासारखी. मधोमध डोक्याचा खड्डा पडलेला. बंद पेटीत राहिलेल्या कापसाचा असतो ना, तसा कुबट दमट वास. पण मला कशाचं काही नव्हतं, मला डोकं टेकायचं होतं.

तुझी आई सांगायची का, उशीला वेळ सांगून झोप म्हणून? माझी सांगायची, परीक्षेच्या दिवसांत. उशीवर तोंड ठेवून तीनदा म्हणायचं, पाचला उठव, पाचला उठव, पाचला उठव. बरोबर पाचला जाग यायची. तूही केलंयस ना? आपल्याकडे सगळ्यांनीच केलंय. मला ते त्या क्षणी आठवलं. कुबट अभ्र्यात तोंड खुपसून मी तीनदा म्हटलं, अडीचला उठव.

जाग आली. मोबाइलवर बघितलं, बरोबर अडीच. आवाज नाही, स्वप्न नाही. खांद्यावर कुणीतरी एक बोट टेकवून काढून घ्यावं, तेवढंच. इशिताला उठवलं, नेलं, आणलं. सकाळी गादी कोरडी ठणठणीत.

नऊ रात्री असं चाललं. रोज तीनदा सांगायचं, रोज अडीचला खांद्यावर ते बोट. इशिताने कॅलेंडरवर नऊ चांदण्या चिकटवल्या. दहाव्या दिवशी मला ताप होता, ऑफिसात वर्षअखेरीचं ऑडिट चाललेलं, आणि रात्री उशीवर डोकं टेकलं तेव्हा वाटलं, आज कुणी मला उठवलं तर मी मरेन. मी उशीला म्हटलं, आज मला उठवू नकोस. तूच ने तिला. तीनदा म्हटलं. गमतीत म्हटलं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. गमतीत नव्हतं. अगदी मनापासून म्हटलं होतं.

सकाळी सातला उठले. धावत तिच्या खोलीत गेले. चादर कोरडी. बाथरूमचा दिवा मात्र जळत होता. त्याचं बटण बाहेर, उंचावर आहे. इशिताचा हात पोचत नाही, तिला स्टूल लागतं. स्टूल होतं तिथेच होतं, स्वयंपाकघरात.

"एकटी गेलीस तू?" मी विचारलं.

"नाही. ती आली ना."

"कोण ती?"

"उठवणारी. ती बोट देते, मग मी धरते."

"अगं, मीच असेन. झोपेत होतीस तू."

"नाही," ती म्हणाली, "तुझं बोट गरम असतं."

तू असतीस तर काय केलं असतंस? त्याच दिवशी उशी जाळली असतीस. मी काय केलं सांगू? मी म्हटलं, पोरीला स्वप्न पडलं असेल. आणि त्या रात्री पुन्हा उशीत तोंड खुपसून म्हटलं, तूच ने. कारण त्या रात्री मी सलग सात तास झोपले होते, संपदा. सहा वर्षांत पहिल्यांदा. सगळं कळत होतं गं मला आत कुठेतरी. पण झोपेसाठी मी अक्कल गहाण टाकली. अशा अकरा रात्री मी माझी पोर दुसऱ्या कुणाच्या तरी बोटाला दिली.

मग मे उजाडला. दिल्लीचा मे. लिफ्टपासून गेटपर्यंत चाललं तरी आपला कुडता पाठीला चिकटतो, आणि माझ्या लेकीच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. ओठांना चिरा पडलेल्या. शाळेची पाण्याची बाटली सकाळी भरून दिली तशीच परत येत होती. मी ग्लास पुढे केला, तिने तोंड फिरवलं.

"पी ना बाळा. असं काय करतेस?"

"ती म्हणते, पानी नहीं पीना."

"का?"

ती माझ्याकडे बघेना. "पाणी प्यायलं की शू होते. शू झाली की मम्मी मारते... असं म्हणते ती."

ती थप्पड इंद्रजितलाही मी सांगितली नव्हती. त्या रात्री घरात फक्त मी, इशिता आणि झोपलेला नवरा. आणि पेटीत, उशी.

त्या रात्री मी झोपले नाही. उशीला उलटं सांगितलं, आता नको नेऊस, नको नेऊस, नको नेऊस. उशी पेटीत टाकली, पेटी बंद केली, आणि इशिताच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले. एसीची घरघर. खाली कुठेतरी एक कुत्रं. एक वाजला, दोन वाजले. मग एसी चालू असूनही खोलीतली हवा बदलली. तो वास... बंद पेटीतल्या कापसाचा.

इशिता उठून बसली. डोळे मिटलेले. तिने उजवा हात वर केला आणि मूठ वळली. ती मूठ पूर्ण मिटली नाही गं. मध्ये एका बोटाएवढी जागा राहिली. तशीच ती पलंगावरून उतरली, माझ्या गुडघ्यांना घासून पुढे गेली. मला उठता येईना. बाहेर बटणाचा टक् आवाज झाला. आणि अगदी हळू, आपण झोपेतल्या मुलाशी बोलतो ना तशा मायेनं...

"चल बेटा... सू-सू कर ले... मम्मी सो रही है..."

मम्मी जागी होती, संपदा. मम्मी खुर्चीला खिळून बसली होती.

दोन दिवसांनी ती शाळेच्या बसच्या रांगेत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई माझ्यावर डाफरल्या, "बच्ची को पानी नहीं देते क्या आप?" काय सांगणार होते मी? चमच्याने घातलेलं पाणी ती ओठांच्या कोपऱ्यातून सोडून देत होती. रात्री वॉर्डात बरोबर अडीचला सुई टोचलेला तो हात उचलला गेला. सलाइनची नळी ताणली. नर्स म्हणाली, सपना देख रही है. तेव्हा मला कळलं, हे आता त्या फ्लॅटचं नाही, त्या उशीचंही नाही. मी स्वतः तिचं बोट दिलं होतं, आणि ते कुणीतरी धरून ठेवलं होतं. आईला फोन केला, वर वर विचारल्यासारखं. ती हसली. "परक्या उशीला काय सांगायचं गं? आपली वेळ आपल्या उशीला सांगावी." एवढंच. तिच्या दृष्टीने ती गंमत होती.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पोर इतकी हलकी झाली होती की उचलताना माझाच तोल गेला. संध्याकाळी रडली, तर डोळ्यांत पाणी नाही. नुसता आवाज. रात्री तिला मांडीत घेऊन भिंतीला टेकून बसले. दोन्ही हात तिच्याभोवती आवळले. शेजारी पाण्याचा जग. इंद्रजितला म्हटलं, आज जागा राहा रे. बारालाच घोरायला लागला.

अडीच वाजले. वास आला. तिचा हात वर निघाला.

मी झडप घातली आणि तिची मूठ माझ्या मुठीत घेतली. आणि तिच्या बोटांच्या मधून... ते गार, माझ्या तळव्याला लागलं. माणसाचंच बोट होतं. म्हाताऱ्या माणसाचं, सुरकुतलेलं, पेराशी वाकलेलं. मी तिची मूठ ओढली. पलीकडून कुणी ओढलं नाही, नुसतं धरून राहिलं.

"छोड़ो," आवाज आला, कानाशी. "भिगो देगी."

"भिगोने दो!" मी ओरडले. "रोज भिगोने दो! मेरी है!"

"मैं अपने आप नहीं आई. तुमने बुलाया..."

"चली जाओ. हात जोडते... हाथ जोड़ती हूँ. पाँव पड़ती हूँ."

मग अगदी साध्या आवाजात, शेजारीण भाजीचं विचारते ना, तसं...

"किसी को तो उठाना है. किसे उठाऊँ?"

मी काहीतरी बोलले. काय ते सांगते, थांब. ते सांगायलाच आलेय.

मी बोलले आणि ते बोट गेलं. इशिताचा हात धपकन खाली पडला. तिने डोळे न उघडताच पाण्याच्या जगाकडे तोंड नेलं, आणि प्यायली गं, प्यायली, गळ्यातून घट घट आवाज येत होता, फ्रॉक भिजला, मी भिजले. पहाटे चारच्या सुमाराला माझ्या मांडीवर गरम गरम ओल पसरली. साडी, चादर, गादी, सगळं चिंब. मी तशीच बसून राहिले त्या ओलीत. हसत होते, रडत होते, तिचे मुके घेत होते. आयुष्यात इतकं सुख मला कशानंच झालं नाही.

आता ऐक. ती रात्र पाच रात्रींपूर्वीची.

तुझा अमोल चार रात्री कोरडा आहे.

तिने विचारलं, किसे उठाऊँ. मी 'मला' म्हणायला हवं होतं. आई होते ना मी, मलाच उठव, जन्मभर उठव, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाही सुचलं. माझी मुलगी माझ्या हातात मरत होती आणि मला तिच्यासारखं रात्री उठवावं लागणारं एकच दुसरं पोर ठाऊक होतं. मी नाव घेतलं, संपदा. अमोल म्हटलं. करोल बाग म्हटलं. तीनदा म्हटलं.

मार मला. शिव्या दे. काहीही कर. आज निघण्याआधी पेटी उघडून बघितली मी. उशीत ताजा खड्डा होता. मी हात घातला तर गरम लागला.

आज संध्याकाळपासून बघतेय मी, त्याने एक घोट घेतलेला नाही. तू दूध दिलंस, ते त्याने कुंडीत ओतलं. मी बघितलं. ओठ बघ त्याचे जाऊन. पण अजून वेळ आहे, चारच रात्री झाल्यात. अडीचला त्याला मांडीत घे. मूठ उचलली गेली की धर, सोडू नकोस. ती विचारेल, किसे उठाऊँ? तेव्हा माझं नाव घे. हेमांगी म्हण. मी तुझ्या शेजारीच बसलेली असेन, तयार आहे मी. त्यासाठीच आलेय. कळलं का तुला?

किती वाजले? ...दोन पंचवीस.

तो वास येतोय का तुला? ...

जा, घे त्याला. हळू. हां, असं. घट्ट धर.

संपदा... आत्ता बटणाचा आवाज झाला ना? तुमच्या बाथरूमचं... घरात लाइट नाहीये, तरी...

हात बघ त्याचा. धर, धर! सोडू नकोस! ऐकलंस, तिने विचारलं. माझं नाव घे. लवकर. बोल ना, हेमांगी म्हण...

अशी काय बघतेस माझ्याकडे?

काय? ...इशिताजवळ? इंद्रजित आहे ना. झोपला असेल तो...

हे का विचारतेस तू? संपदा... इशिताजवळ कोण जागं आहे, हे तू का विचारतेस?